होड, ससा आणि शरणागती : मृगयाव्यसनाचा विचार

परमार्गात उपदेश घेणाऱ्यास सप्तव्यसनांचा त्याग सांगितला आहे. मद्य, मांस, चोरी, द्यूत, वेश्यागमन आणि परदारागमन यांच्या पंक्तीस मृगया, म्हणजे शिकार, बसविली आहे. पहिल्या सहांविषयी वासनिकांच्या मनात सहसा संदेह नसतो. मृगयेविषयी मात्र दोन टोकांचे गैरसमज आढळतात. कोणी म्हणतो, ‘आपल्या घरी बंदूक नाही, तेव्हा हे व्यसन आपल्यापुरते संपले.’ कोणी म्हणतो, ‘शिकार हा तर क्षत्रियांचा धर्म आणि शेतकऱ्याची गरज, तिला व्यसन म्हणणे अतिरेकाचे आहे.’ या दोन्ही समजुतींचा विचार सर्वज्ञांच्या एका लीळेच्या आधारे येथे करावयाचा आहे.

लीळेचा प्रसंग

म्हाइंभटांनी शके १२०० च्या सुमारास ऋद्धिपूर येथे लीळाचरित्र सिद्ध केले. त्यातील सशकरक्षणाची लीळा सर्वपरिचित आहे. सर्वज्ञ श्रीचक्रधर स्वामी आसनस्थ असताना, पाठीशी लागलेल्या कुत्र्यांच्या भयाने पळत आलेला एक ससा त्यांच्या जानूखाली येऊन दडतो. मागोमाग कुत्री येतात आणि जागीच थबकतात. त्यांच्या मागून पारधी येतात. ससा सोडावा, अशी ते स्वामींना विनंती करतात. आणि कारण सांगतात की त्या सशावर आपसांत होड लागली आहे, तो न मिळाला तर आपसांत शस्त्रे निघतील. शरण आलेल्यास मरण नसते, अशा आशयाचे उत्तर स्वामी देतात. पुढे ते पारध्यांना समजावितात की हा जीव रानात राहतो, तृण खातो, झऱ्याचे पाणी पितो, कोणाचे काही घेत नाही; त्यास का मारावे? पारध्यांचे चित्त पालटते. यापुढे हिंसा करणार नाही असे म्हणून ते निघून जातात. मग स्वामी जानू उचलतात आणि ‘महात्मा’ या आदराच्या शब्दाने त्या सशास संबोधून त्याला जाण्यास सांगतात.

लीळा लहान आहे. परंतु मृगयेचा निवाडा करण्यास पुरेशी आहे. तिच्यातील तीन गोष्टींकडे साधकाने बारकाईने पाहावे.

पहिली गोष्ट : होड

पारध्यांनी सशाची मागणी कोणत्या कारणास्तव केली? घरी लेकरे उपाशी आहेत, असे ते म्हणत नाहीत. सशाने शेत खाल्ले, असेही म्हणत नाहीत. ते होडेचे नाव घेतात. पणाला लागले आहे ते त्यांचे कौशल्य, त्यांची कुत्री आणि त्यांची प्रतिष्ठा. म्हणजे लीळेतील ही शिकार पोटाची नव्हे, हौसेची आहे. आजच्या भाषेत जिला खेळ म्हणून केलेली शिकार म्हणतात, तिचेच हे नेमके उदाहरण होय. मृगया आणि द्यूत ही दोन व्यसने येथे एकत्र आली आहेत. आणि त्यांचे फळ काय, तर मित्रांमित्रांत शस्त्र निघण्याची वेळ. ज्याचा जीव जावयाचा तो ससा. परंतु व्यसनाची आग मारणाऱ्यांच्या घरापर्यंत पोहोचलेली आहे.

येथे शिबी राजाच्या आख्यानाशी तुलना उद्बोधक ठरते. महाभारतातील त्या आख्यानात ससाण्याच्या भयाने कबुतर राजास शरण येते. ससाणा म्हणतो, हे माझे भक्ष्य आहे. ते काढून घेशील तर माझ्या भुकेचे काय? ही मागणी न्याय्य आहे, हे राजा जाणतो. म्हणून कबुतराच्या भारंभार स्वतःचे मांस तोलून देतो. भुकेलेल्याचे देणे लागते, ते राजाने फेडले. स्वामींनी पारध्यांना सशाच्या मोबदल्यात काहीच दिले नाही. दिला तो केवळ उपदेश. कारण होड लावल्याने दुसऱ्याच्या जीवावर कोणताही हक्क उत्पन्न होत नाही. भूक हे कारण आहे, होड हे निमित्त आहे. कारणास भरपाई असते. निमित्तास फक्त निवृत्ती असते.

दुसरी गोष्ट : शरणागती

ससा बोलत नाही. तो स्वामींना ओळखून आला, असे लीळा सांगत नाही. भयाने पळणारा जीव जेथे आडोसा दिसला तेथे शिरला. तरीही स्वामींनी त्यास शरणागत मानले. यावरून बोध असा की शरणागतीस वाणी लागत नाही. भय हीच तिची भाषा आहे. ज्याच्या आश्रयाला भयभीत जीव येतो, त्याच्यावर रक्षणाचे दायित्व आपोआप येते. मृगयेत नेमके उलट घडते. तेथे जीवाचे भय हाच खेळणाऱ्याचा रस असतो. हाका घालून जनावर उठवावे, ते जिवाच्या आकांताने पळावे आणि त्या पळण्यावर नेम साधावा. जनावर पळालेच नाही तर शिकाऱ्यास गोडी वाटत नाही. दुसऱ्याच्या भयातून आपले सुख काढणे, हे मृगयेचे मर्म आहे. आणि म्हणूनच तिची गणना इतर हिंसेहून वेगळी, व्यसनांत झाली.

तिसरी गोष्ट : ‘महात्मा’ हा शब्द

स्वामींनी सशास जो शब्द लावला तो मार्गात साधुजनांना लावला जातो. जीव, देवता, प्रपंच आणि परमेश्वर या चार पदार्थांत ससा जीव आहे आणि पारधीही जीवच आहे. देह वेगळा, योग्यता वेगळी. परंतु जीवत्व एकच. मनुष्यदेहात ज्ञानाचा अधिकार आहे, हे खरे. पण अधिकार वाढला की मारण्याचा हक्क वाढतो, असे ब्रह्मविद्येत कोठेही नाही. उलट, सांभाळण्याचे दायित्व वाढते. आपल्यामुळे मुंगीलाही वैधव्य येऊ नये, ही सर्वज्ञांची शिकवण याच अर्थाची आहे.

याच ठिकाणी परंपरेतील आणखी एक प्रसंग आठवावा. मातापूर, म्हणजे आजचे माहूर, येथे श्रीदत्तात्रेयप्रभूंनी वाघाच्या रूपाने येऊन श्रीचक्रपाणी महाराजांच्या मस्तकी चवडा ठेवला, असे परंपरा सांगते. ज्या प्राण्याचे कातडे भिंतीवर टांगण्यात राजेरजवाड्यांनी पुरुषार्थ मानला, त्याच प्राण्याचे रूप परमेश्वर अवताराने कृपादानासाठी निवडले. साधकाने वाघाकडे कोणत्या दृष्टीने पाहावे, हे यावरून सुचते.

पूर्वपक्ष : राजधर्म आणि व्यायाम

आता मृगयेच्या बाजूने जे बोलले जाते त्याचा विचार करू जाता, सर्वांत समर्थ पूर्वपक्ष कौटिल्याचा आहे. अर्थशास्त्रात व्यसनांची तुलना करताना तो द्यूतापेक्षा मृगया बरी असे म्हणतो. तिच्यात व्यायाम होतो, कफ, पित्त, मेद झडतात, हलत्या व स्थिर लक्ष्यावर नेम बसतो, क्रोधाच्या आणि भयाच्या वेळी प्राण्यांची चित्तवृत्ती कळते, अशी कारणे तो देतो. कालिदासाच्या शाकुंतलातही सेनापती दुष्यंतापुढे मृगयेची अशीच वाखाणणी करतो.

याचे उत्तर असे. कौटिल्याने मृगयेस सद्गुण म्हटलेले नाही. व्यसनांच्याच प्रकरणात दोन व्यसनांपैकी कमी वाईट कोणते, एवढेच तो सांगतो. मनुस्मृतीने तर कामज व्यसनांच्या यादीत मृगयेस पहिले स्थान दिले असून मद्य, द्यूत आणि स्त्रीव्यसन यांच्यासह ज्या चार व्यसनांना अत्यंत घातक म्हटले, त्यांतही ती आहे. व्यायाम आणि नेम यांसाठी आज मैदाने आहेत, निर्जीव लक्ष्ये आहेत. नेम शिकावयाचा तर भयभीत काळीज कशाला हवे? आणि प्राण्याची चित्तवृत्ती जाणणे हा लाभ म्हणावा, तर ज्याला त्याचे भय खरोखर कळले त्याचा हात चाप ओढण्यास धजावू नये. कळूनही जो ओढतो त्याने ते ज्ञान हत्यार म्हणून वापरले.

‘क्षत्रियांचा तो धर्म’ हे म्हणणेही पुराणांच्याच साक्षीने टिकत नाही. पंडू राजाने मृगरूपातील किंदम ऋषीस बाण मारला आणि शाप ओढवून घेतला. दशरथाने शब्दावरून बाण सोडला, तो पाण्यास आलेल्या मुनिकुमारास लागला. परीक्षिताच्या शापाचे निमित्तही मृगयेचा शीणच झाला. राजधर्म म्हणून मृगया निर्दोष असती, तर पुराणकारांनी राजकुळांच्या विनाशाचे बीज वारंवार तिच्यातच का दाखविले असते?

इतिहासाची साक्ष

पुराणांपेक्षा जवळची साक्ष हवी असेल तर ती चित्त्याची आहे. कोल्हापूर संस्थानात चित्ते पाळून त्यांच्याकडून काळविटांची शिकार करविली जाई. देशातील चित्ते दुर्मिळ झाले तेव्हा ते आफ्रिकेतून आणविण्यात आले. १९४७ च्या सुमारास मध्य भारतातील कोरिया संस्थानच्या राजाने एका रात्री तीन चित्ते मारले. भारतीय चित्त्याची ती अखेरची खात्रीची नोंद समजली जाते. १९५२ साली तो प्राणी भारतातून नामशेष झाल्याचे जाहीर झाले. पुढे सत्तर वर्षांनी, सप्टेंबर २०२२ मध्ये, नामिबियाहून आठ चित्ते विमानाने आणून मध्य प्रदेशातील कुनोच्या वनात सोडावे लागले. ज्यांच्या पूर्वजांनी खेळ म्हणून एक जाती संपविली, त्यांच्या वंशजांना ती परदेशाकडे मागावी लागली.

वर्धा जिल्हा ज्या मध्यप्रांत व वऱ्हाडात होता, तेथेही इंग्रजी अमलात शिकारीसाठी जंगलांचे विभाग पाडून परवाने दिले जात. मचाण बांधावे, आमिषाला रेडा ठेवावा, गावकऱ्यांनी हाका घालावा आणि साहेबाने गोळी झाडावी, हा क्रम स्वातंत्र्यानंतरही काही काळ चालला. १९७० साली वाघाच्या शिकारीवर बंदी आली. १९७२ साली वन्यजीव संरक्षण कायदा झाला. १९९१ च्या दुरुस्तीने परवान्याने करावयाची हौशी शिकार कायद्यातून उठली. सातशे वर्षांपूर्वी जानूखालच्या सशास जे अभय मिळाले, ते देशाच्या कायद्यात येण्यास इतका काळ लागला.

परदेशांत आजही असा युक्तिवाद केला जातो की श्रीमंत शिकाऱ्यांकडून मोठे शुल्क घ्यावे आणि त्यातून वनांचे रक्षण करावे. नामिबियासारख्या देशात स्थानिक वसाहतींना असे उत्पन्न मिळते, हे खरे आहे. उलट केनियाने १९७७ सालीच शिकार बंद केली आणि तरीही तेथील वन्यजीव पाहण्यास जग लोटते. म्हणजे द्रव्य मिळविण्याचा हाच एक मार्ग नव्हे. शिवाय द्रव्याने वन वाचले, तरी दिलेल्या द्रव्याने मारणाऱ्याच्या चित्तातील क्रौर्य धुतले जात नाही. राज्यशास्त्र फलाचा हिशेब करील. ब्रह्मविद्या कर्त्याच्या भावाचाही हिशेब विचारते.

शेतकऱ्याचा प्रश्न

इथवर निवाडा सोपा होता. पुलगाव, देवळी, आर्वी या भागातील वासनिकांपुढचा खरा पेच पुढे आहे. वर्धा नदीच्या काठी कपाशी, तूर, सोयाबीन, चणा घेणाऱ्या शेतकऱ्यास रानडुकरांचा आणि रोह्यांचा उपद्रव रात्रीगणिक सोसावा लागतो. कर्ज काढून पेरलेले शेत एका रात्रीत लोळविले जाते. अशा माणसास हौशी शिकाऱ्याच्या पंक्तीस बसविणे अन्यायाचे होईल. त्याच्या मुखी होड नाही, भूक आहे. याच जिल्ह्यात सेवाग्रामला राहिलेल्या गांधीजींनीही १९४६ साली ‘हरिजन’मध्ये पिकांचा नाश करणाऱ्या प्राण्यांविषयी लिहिताना, माणसे उपाशी असताना पीक खाऊ देणे ही अहिंसा नव्हे, अशी भूमिका घेतली होती. कायद्यानेही पीक व मनुष्यजीवन यांच्या रक्षणार्थ अधिकाऱ्याच्या आदेशाने अपवाद ठेवला आहे.

परंतु उपदेशी वासनिकाने येथे तीन भेद ओळखावेत. पहिला भेद कायद्याचा आणि व्रताचा. कायदा ज्याची मुभा देतो ते सर्व व्रतात बसतेच असे नाही. गांधीजींचे म्हणणे गृहस्थ समाजाच्या व्यवस्थेसाठी आहे. उपदेश घेतलेल्याने स्वहस्ते जीव न मारण्याचा संकल्प केलेला असतो. त्याचा मार्ग राखणीचा आहे. जागल, कुंपण, सौर विजेचे झटका मशीन, नुकसानीचा वेळेवर पंचनामा आणि भरपाईची मागणी, हे उपाय खर्चाचे व कष्टाचे आहेत. वनालगतच्या गावांना सौर कुंपणासाठी शासनाच्या योजनेतून अनुदान मिळते. एकट्यास न झेपणारे काम गावाने मिळून करावे. आणि ज्या समाजाला अहिंसा प्रिय आहे त्याने त्या अहिंसेचा भार एकट्या शेतकऱ्याच्या माथी टाकू नये. आश्रमांनी आणि सधन वासनिकांनी कुंपणासाठी हात देणे ही पूजेहून कमी सेवा नव्हे. ससा वाचवावयाचा तर कोणाला तरी जानू उचलून धरावी लागते.

दुसरा भेद राखणीच्या साधनांचा. कित्येक ठिकाणी कुंपणाच्या तारेत घरगुती विजेचा थेट प्रवाह सोडतात. त्याचे फळ वर्धा जिल्ह्याने पाहिले आहे. २०१७ साली ब्रह्मपुरीकडे पकडलेली एक तरुण वाघीण बोर व्याघ्र प्रकल्पात सोडण्यात आली. माणसांवर हल्ले झाल्यामुळे तिला ठार मारण्याचा आदेश निघाला. परंतु ऑक्टोबर महिन्यात ती गोळीने नव्हे, तर शेताच्या कुंपणातील वीजप्रवाहाने मेली. डुकरासाठी लावलेली तार वाघीण ओळखत नाही, गाय ओळखत नाही आणि पहाटे शेतात जाणारे शेजाऱ्याचे लेकरूही ओळखत नाही. दशरथाचा बाण निदान शब्द ऐकून सुटला होता. ही तार तेवढेही ऐकत नाही. झटका देणारे कुंपण जनावरास परतविते, प्रवाही तार प्राण घेते. पहिली राखण आहे. दुसरी हिंसा तर आहेच, शिवाय गुन्हाही आहे.

तिसरा भेद सर्वांत सूक्ष्म आहे. राखणीच्या आड मृगया शिरते. शेतकऱ्याच्या गाऱ्हाण्याचे निमित्त करून शहरातील हौशी माणसे जीप, दिवे आणि बंदुका घेऊन येतात. डुकराबरोबर हरीणही पडते, ससाही पडतो. पुलगावच्या दक्षिणेस, नदीपलीकडील राळेगाव तालुक्यात २ नोव्हेंबर २०१८ च्या रात्री ‘अवनी’ नावाने प्रसिद्ध झालेली वाघीण मारली गेली. तेरा माणसांच्या मृत्यूचा ठपका तिच्यावर होता आणि तिला दोन बछडे होते. त्या गावांचे भय खरे होते. ज्यांच्या घरची माणसे गेली त्यांच्या दुःखास तोड नव्हती. आदेश प्रथम बेशुद्ध करून पकडण्याचा आणि ते न साधल्यास मारण्याचा होता. गोळी मात्र खाजगी नेमबाजाच्या हातून सुटली, आणि ती पद्धत योग्य होती काय, यावर देशभर वाद झाला. त्या वादाचा निवाडा येथे कर्तव्य नाही. साधकाने एवढेच घ्यावे की जेथे मारणे अटळ ठरते तेथेही ते जड अंतःकरणाने, कर्तव्य म्हणून व्हावे. अशा कामाचा ज्याला उत्साह वाटतो, त्याच्या हाती ते काम देऊ नये.

‘पारधी’ या शब्दाविषयी

लीळेचे निरूपण करताना एक सावधगिरी आवश्यक आहे. लीळेतील पारधी म्हणजे त्या दिवशी शिकार करणारी माणसे. त्या शब्दावरून आजच्या पारधी समाजाकडे बोट दाखविणे हा दोष होय. इंग्रजांनी १८७१ च्या कायद्याने अनेक जमातींच्या कपाळी जन्मजात गुन्हेगारीचा शिक्का मारला. पारधीही त्यातून सुटले नाहीत. स्वतंत्र भारतात १९५२ साली तो कायदा गेला, तरी संशय गेला नाही. फासे लावून तितर-लावे धरणाऱ्या त्या समाजाची शिकार पोटासाठी होती; वनांचे कायदे आले तेव्हा ती थांबली, पण पर्यायी उपजीविका पुरेशी मिळाली नाही. होड लावणारे बहुधा वाड्यांतले होते आणि बदनाम झाले पालांतले. स्वामींनी पारध्यांची जात विचारली नाही, त्यांना हाकलले नाही, शापिले नाही. समजाविले, आणि ते पालटले. ज्याला स्वामींनी उपदेशास योग्य मानले, त्याला अयोग्य ठरविण्याचा अधिकार अनुयायास नाही.

आचारबोध

आता आरंभीच्या पहिल्या समजुतीकडे वळावे. बंदूक नाही म्हणून मृगया नाही, असे होत नाही. मनुस्मृतीने मांसाच्या प्रकरणात अनुमती देणारा, मारणारा, कापणारा, विकत घेणारा, विकणारा, शिजविणारा, वाढणारा आणि खाणारा अशा सर्वांस घातक म्हटले आहे. मृगयेसही तोच न्याय लागतो. शिकारीस निघालेल्यांना वाट दाखविणे, जनावर कोठे उतरते ते सांगणे, मौज म्हणून गाडीत बसून जाणे, मारलेल्या जनावराशेजारी उभे राहून छायाचित्र काढणे, आणि आजोबांनी किती वाघ मारले हे अभिमानाने सांगणे, ही सर्व त्याच व्यसनाची अंगे होत. हात स्वच्छ राहतो. चित्त मात्र हाक्यात सामील झालेले असते.

यावरून उपदेशी वासनिकाने पुढील नेम सांभाळावेत. करणे, करविणे आणि अनुमोदणे या तिन्ही प्रकारे मृगयेपासून दूर राहावे. शेताची राखण करावी, पण राखणीच्या साधनाने प्राण जाणार नाही हे पाहावे. शेजाऱ्याच्या शेतात प्रवाही तार दिसल्यास गोडीने समजवावे. जसे स्वामींनी समजाविले तसे, धिक्काराने नव्हे. लेकरांच्या हाती गलोल असेल तर पाखरांवर नेम धरण्यापूर्वी त्यांना सशाची लीळा सांगावी. भिक्षूंनी विहरणात रानावनातून जाताना जीवांच्या विश्रामस्थानास बाधा आणू नये.

पारध्यांची होड त्या दिवशी कोणीच जिंकली नाही, आणि म्हणूनच त्यांच्यात शस्त्रेही निघाली नाहीत. सशास अभय देताना स्वामींनी पारध्यांनाही एकमेकांच्या हातून वाचविले. शरणागताचे रक्षण केल्याने रक्षण करणाऱ्याचे आणि मारावयास आलेल्याचेही कल्याण होते, हा या लीळेचा शेवटचा आणि सर्वांत मोठा अर्थ आहे. तो साधकांनी चित्ती धरावा.

दंडवत प्रणाम.